चौथ्या पानाच्या तळाशी

एकतीस सालच्या ऑक्टोबरात
आमच्या साप्ताहिकाच्या चौथ्या पानावर
दोन इंच जागा उरली.
विड्यांची जाहिरात ऐनवेळी परत गेली होती,
आणि रिकामी जागा मुळमुळे वकिलांना
रात्री उघड्या राहिलेल्या दारासारखी छळायची.
तारांच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक चतकोर उपसला :
कुठल्याशा लात्वियात निवडणूक झाली.
जागा शंभर. निवडून आलेले पक्ष २७.

वकीलसाहेब इतके हसले
की उपरण्याने डोळे पुसावे लागले.
"अहो, ही पार्लमेंट की आपली बुधवारी?"

उकंडा निमजे केसपाशी उभा होता.
घर इतवारीत, बाप अजून मागाच्या खड्ड्यात,
हा धोटा टाकून खिळ्यांत आलेला.
हात न थांबवता त्याने विचारलं,
"तिथं कोष्ट्याले मत असते काय जी?"
"असतं. एकवीस वर्षं भरली की सगळ्यांना.
बायकांनासुद्धा."
आता हात थांबला.
"मंग सत्तावीस कमीच झाले."

वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

त्या आठवड्यात अर्धा त शिल्लक नव्हता.
गुळवेलसत्त्वाच्या जाहिरातीने सगळे खाल्ले होते,
एकेका सत्त्वाला दोन-दोन.
निमजेने ट लावला, पुढे व.
लाटविया.
प्रूफ माझ्याकडे आलं. मी मुद्रितशोधक,
महिना बावीस रुपये, चष्मा स्वतःचा.
म्हटलं, कोण जातंय तिथे बघायला,
आणि कोपऱ्यात सही केली.

मग चौतीसचा मे.
शाई दगडावरच पातळ होत होती,
जुम्मा तलाव काठांवरून आत सरकलेला,
मिलचा भोंगासुद्धा घसा बसल्यागत.
पुन्हा चौथं पान, पुन्हा तळ, या खेपेस सव्वा इंच :
लात्वियात रात्रीतून पार्लमेंट बंद.
पक्ष बरखास्त. पंतप्रधान तेच.
रक्तपात नाही.

अर्धा त आता मूठभर होता.
निमजेने नाव नीट जुळवलं
आणि स्टिक हातात धरून
उलट्या अक्षरांतून ती बातमी वाचत राहिला,
सव्वा इंचाला लागतो त्याहून बराच वेळ.
"हा तोच काय जी? सत्तावीसवाला?"

मी जुनी फाइल काढली, फुंकर मारली,
बोट ठेवून दाखवलं :
"हे बघ. तो लाटविया. हा लात्विया.
वेगळा देश आहे."
"बरं झालं," तो म्हणाला.
"मले वाटलं, त्यायचंच गेलं."

फाइल मिटता मिटता माझ्या लक्षात आलं.
तोवर तो घासलेट घेऊन
हाताची शाई काढायला मागे गेला होता.

शनिवारी त्याने मजकूर सोडला.
प पच्या खणात, र रच्या.
बरखास्तचा ब सोमवारी
महालातल्या एका बारशाला गेला.
अर्धा त पुन्हा
गुळवेलीच्या कामाला लागला.

सदतीसच्या आधी मतदारयादी आमच्याकडे छपाईला आली.
सबंध इतवारी, घरक्रमांकांसकट.
निकष थोडे सैल झाले होते,
निमजे शाळेच्या चार यत्तांवर आत आला.
स्वतःचं नाव त्याने स्वतःच जुळवलं.
प्रुफात पाहतो तर :
निजमे उकंडा वल्द झिबल, कंपोझिटर.

मी लाल शाईने खूण केली.
दुसरं प्रूफ मागवलं. त्यात झिबलची वेलांटी तुटलेली.
तिसरं मागवलं.
वकीलसाहेब आतून ओरडले, यंत्र उभं आहे,
कागद कुणाच्या बापाचा?
निमजेला उलट हसू आलं.
"राहू द्या ना जी. कोन जाते पाहाले."

यंत्र उभंच ठेवलं मी
तिसरं प्रूफ येईस्तोवर.
एकेका अक्षरावर नख टेकवत वाचलं,
नि, म, जे.
मग सही केली.

लाटवियाचं मात्र
त्याला सांगितलं नाही.